सवाराने आधी सलाम करावा

श्रीवर्धनला रेल्वे नाही. माणगाव स्टेशनवर उतरायचे, एस.टी. पकडायची, म्हसळ्यावरून वळणे घेत समुद्रापर्यंत यायचे, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. पण गेल्या काही वर्षांत आमच्या दारावरून एक निराळीच वाहतूक सुरू झाली आहे. दिवाळी उलटली, सकाळच्या हवेत गारवा आला की पाठीमागे पिशव्या बांधलेल्या सायकली दिसू लागतात. कोणी मुंबईहून निघालेले असते, कोणी पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून आलेले. बहुतेकांना गोव्यापर्यंत जायचे असते. अधूनमधून कोणी पाठीवर बोचके घेऊन हा सारा किनारा पायी चालणाराही भेटतो.

त्यांची वाट आता आम्हाला तोंडपाठ झाली आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याला जंगलजेटीत सायकल चढवून दिघी. दिघीहून दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धन. पुढे हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी. सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. मग केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर. खाडीमागून खाडी आणि घाटीमागून घाटी. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग सुमारे 500 किलोमीटरचा. याच भागातून निवडून जाणाऱ्या आणि मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून आम्ही त्याचे नाव ऐकत आलो. त्या वेळी तो मोटारींसाठी कल्पिला होता. आज सायकलवाल्यांनी आणि पायी फिरणाऱ्यांनी तो आपला मानला आहे.

परदेशात अशा लांबच्या प्रवासासाठी वेगळ्या वाटा असतात. आमच्या घरातली एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला ब्रिस्टलमध्ये राहते. तिच्या घराजवळून ब्रिस्टल ते बाथ अशी सुमारे 21 किलोमीटरची वाट जाते. पूर्वी तिथे रेल्वे होती. ती बंद पडली, रूळ उखडले गेले आणि उरलेल्या पट्टीवर तिथल्या सायकलप्रेमींनी पुढाकार घेऊन 1979 ते 1986 या काळात चालण्याची आणि सायकलची वाट तयार केली. न्यूझीलंडमध्ये अशीच ओटागो सेंट्रल नावाची वाट आहे, तब्बल 152 किलोमीटरची. तिथली गाडी 1990 साली बंद झाली आणि 2000 साली सबंध वाट लोकांना खुली झाली. अशा वाटांची खुबी अशी की आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून रुळाची पट्टी जवळपास सपाट असते. म्हातारी माणसे, लहान मुले, ज्यांच्या गुडघ्यांत जोर नाही असे लोकही तिथे दूरवर जाऊ शकतात. मोटारीची भीती नसते.

मग तिथे अपघात होत नाहीत का? आमची मुलगी सांगते, वाट जितकी चांगली तितकी कुरकुर जास्त. सकाळी कामावर निघालेले सायकलवाले भरधाव येतात. त्याच वाटेवर कोणी बाळाची गाडी ढकलत असते, कोणी कुत्रा फिरवत असते, कोणी काठी टेकत चाललेले असते. मोटार गेली तरी वेगवान आणि धीमा हा फरक राहतोच. 2022 च्या जानेवारीत ब्रिटनने आपल्या रस्त्याच्या नियमपुस्तिकेत एक तत्त्व स्पष्ट शब्दांत घातले. ज्याच्यामुळे दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. ट्रकवाल्यावर मोटारवाल्याहून, मोटारवाल्यावर सायकलवाल्याहून, आणि सायकलवाल्यावर पायी चालणाऱ्याहून. समोरच्याला कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल, हे सायकलवाल्याने गृहीत धरावे, असेही ती पुस्तिका सांगते.

इतक्या लांब जायलाही नको. आमच्याच रायगड जिल्ह्यात माथेरान आहे. नेरळहून वर जाणारी ती छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली आणि 1907 साली ती धावू लागली. दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी. त्यामुळे लोक गाडीमार्गाच्या कडेने, लाल मातीतून चालत गावात जातात. तिथे घोडे असतात, हातगाड्या असतात, डोक्यावर सामान घेतलेले हमाल असतात आणि खांद्यावर मूल घेतलेले बापही असतात. तिथे थोडा वेळ उभे राहून पाहावे. ओझे घेतलेला हमाल दुरूनच आवाज देतो, घोडेवाला लगाम खेचतो, माणसे बाजूला होतात. मात्र एक लक्षात ठेवावे, माथेरानचे रूळ जिवंत आहेत, त्यांवरून आजही गाडी जाते. रुळांच्या मधून चालणे, तिथे उभे राहून फोटो काढणे हे धोक्याचे तर आहेच, पण विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे. कडेची पायवाट आपली, रूळ गाडीचे.

आमच्या किनाऱ्याच्या वाटेवर मात्र सगळेच एकत्र आहे. इथे वेगळी पट्टी नाही. एकाच अरुंद डांबरावर वाळूचा डंपर आहे, एस.टी. आहे, पर्यटकांची मोटार आहे, सायकल आहे, म्हशी आहेत, मासळीची पाटी घेतलेली कोळीण आहे आणि शाळेतून येणारी पोरे आहेत. या वाटेवरचा सायकलवाला डंपरपुढे दुबळा असतो आणि त्याच क्षणी पायी चालणाऱ्या म्हातारीपुढे बलवान असतो. पहिली गोष्ट त्याच्या पक्की ध्यानात असते, कारण त्यात त्याचा जीव आहे. दुसरी कुणीतरी सांगावी लागते.

ती सांगण्याची वेळ आमच्या घरावर आली. आमच्या फुफी सत्तरी ओलांडलेल्या. डाव्या कानाने त्यांना जवळपास ऐकू येत नाही. असरची नमाज झाली की वाडीपर्यंत चालत जायचे, पोफळीखाली पडलेल्या सुपाऱ्या पदरात गोळा करायच्या आणि मगरिबच्या आत परत यायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या थंडीत त्या अशाच रस्त्याच्या डाव्या कडेने जात होत्या. मागून पाच-सहा सायकली आल्या. उतार होता, सायकली महागड्या होत्या, त्यांचा आवाज होत नाही आणि त्यांना घंटीही नव्हती. पहिले चौघे निघून गेले. दचकून फुफी उजवीकडे सरल्या आणि पाचव्या सायकलीच्या हँडलचा धक्का त्यांना लागला. त्या हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले.

खरे सांगायचे तर तो मुलगा पळाला नाही. त्याने सायकल टाकून दिली, फुफींना आधार देऊन बसवले, स्वतःचे पाणी पाजले, एक रिक्षा थांबवली आणि आम्ही पोहोचेपर्यंत दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून राहिला. पुढे गेलेले चौघे तासाभराने शोधत परत आले. त्या मुलाचे डोळे लाल झाले होते. फुफी त्याला म्हणाल्या, “बेटा, मला तू दिसला असतास तर मीच बाजूला झाले असते. मागून येताना सलाम तरी करायचास.” तो मुसलमान नव्हता. तरी त्यांना काय म्हणायचे आहे ते त्याला कळले.

मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते, ते जुळले. पण फुफींनी रस्त्यावर जाणे सोडले. वाडीचा विषय निघाला की “आता काय जायचे” म्हणत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे चालणे सुटले की त्याचे जग किती आखूड होते, हे ज्यांच्या घरात अशी माणसे आहेत त्यांना सांगायला नको. आधी वाडी गेली, मग शेजारच्या घरी जाणे गेले, मग ओटीपर्यंत येणेही कमी झाले.

मोहल्ल्यात यावर बरीच चर्चा झाली. काही जण म्हणाले, या सायकलवाल्यांना मोहल्ल्यातून येऊच देऊ नये, बाहेरच्या रस्त्याने जाऊ दे. राग समजण्यासारखा होता. पण दुसरी बाजूही आमच्याच घरातली होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. तोवर घर कशावर चालवायचे? अनेकांनी वाडीतल्या खोल्या नीट करून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, आम्हीही केली. सुरमईचे कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन सकाळी सायकलवर टांग मारणारे हेच लोक आमचे पाहुणे. म्हणजे ज्या सायकलींनी फुफींना घरात बसवले, त्याच सायकलींनी आमच्या चुलीला हातभार लावला होता.

त्या दिवसांत फुफींचे वाक्य आमच्या घरात पुन्हा पुन्हा निघत राहिले. आपल्याकडे मुलांना अगदी लहानपणी सलामचे अदब शिकवले जातात. सवार असलेल्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी अनेकांना, लहानाने मोठ्याला. बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांतून आलेली प्रेषितांची (स.) ही शिकवण आम्ही सर्वांनी ऐकली आहे. पण आम्ही तिला बोलण्याची रीत समजत होतो. फुफींच्या बोलण्यानंतर लक्षात आले की ही रस्त्याचीही रीत आहे. जो उंचावर बसला आहे, ज्याच्याजवळ वेग आहे, त्याने पहिले पाऊल उचलायचे. सलाम म्हणजे समोरच्याला सांगणे की माझ्याकडून तुला धोका नाही. हे सांगायचे तर आधी तो माणूस दिसावा लागतो, आपला वेग कमी करावा लागतो आणि त्याच्या कानापर्यंत आवाज पोहोचेल इतके जवळ, पण धक्का लागणार नाही इतके दूर असावे लागते. ब्रिटनच्या पुस्तिकेतले तत्त्व याच्याच शेजारी बसणारे आहे.

आम्ही ठरवले की पाहुण्यांना हे प्रेमाने आणि सविस्तर सांगायचे. रात्री जेवणाच्या वेळी, दुसऱ्या दिवशीची वाट विचारली जाते तेव्हा, आम्ही जे सांगतो ते इथे लिहीत आहोत. वाचकांपैकी कोणी मुलाबाळांना घेऊन या वाटेने निघाले तर उपयोगी पडेल.

पहिले, वेळ. हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावा. पावसाळ्यात घाटीत दरड येते, जांभ्याच्या कडांवर शेवाळ धरते आणि शेखाडी-आरावीच्या बाजूला, जिथे रस्ता समुद्राला खेटून जातो, तिथे उधाणाचे पाणी वर उडते. दिवसातही फज्रनंतर उजाडताच निघावे, जुहरच्या सुमारास सावलीला थांबावे. इथला दमटपणा घाटावरच्या माणसाला कळत नाही, घाम वाळत नाही आणि भोवळ अचानक येते. पाणी संपण्याआधी मागून घ्यावे. या किनाऱ्यावर पाण्याला नाही म्हणणारे घर आम्हाला अजून माहीत नाही.

दुसरे, बाजू. सायकल डाव्या कडेने, आणि वळणावर एकामागे एक. दोघे शेजारी चालवून गप्पा मारायच्या त्या दिवेआगरच्या पुळणीवर माराव्यात, घाटीत नव्हे. पायी चालणाऱ्याने, जिथे फुटपाथ नाही तिथे, उजव्या कडेने चालावे, म्हणजे येणारे वाहन समोरून दिसते. ही सवय आमच्या म्हाताऱ्यांना नाही, सगळे डावीकडूनच जातात. म्हणून मागून येणाऱ्याने सावध असावे. काळोख पडल्यावर चालायचे असेल तर हातात बॅटरी आणि अंगावर फिकट कपडा हवा. सायकलला मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा असावाच.

तिसरे, घंटी. सायकल कितीही किमती असो, पन्नास-शंभर रुपयांची घंटी तिला लावावी. ती दुरून, एकदा, सौम्यपणे वाजवावी. पाठीशी येऊन खणखणाट केला तर माणूस दचकतो आणि नेमका चुकीच्या बाजूला उडी मारतो. घंटी वाजवली म्हणजे आपले काम संपले, असेही समजू नये. वळून पाहिले नाही तर समोरच्याला ऐकू आले नाही असे धरून वेग चालण्याइतका कमी करावा. तोंडाने “काकी, उजवीकडून जातो हं” म्हटले तर घंटीपेक्षा बरे. गटाने जात असाल तर पहिल्याने “मागे अजून चार आहेत” हेही सांगावे. फुफींना पहिल्या सायकलीने पाडले नव्हते.

चौथे, रस्त्याच्या कडेला पसरलेले संसार. भरडखोलला, शेखाडीला कोळणी जवळा वाळत घालतात. आमच्याकडे सुपारी वाळते, भातझोडणी झाली की कडेला भात पसरलेले असते. ते कुणाचे तरी वर्षाचे उत्पन्न असते. त्यावरून चाक नेऊ नये आणि ते हलवून सायकलही लावू नये. जेटीवर मासळी लावणाऱ्या, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. कोणाच्या वाडीत शिरायचे असेल तर बेड्याबाहेरून हाक मारावी, उत्तर आले नाही तर परत फिरावे.

पाचवे, जंगलजेटी. तिथे वाट पाहावीच लागते. चढताना-उतरताना धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते, सायकलवर बसून जाऊ नये, हाताने ढकलत न्यावी. खलाशी जिथे सांगेल तिथेच ती उभी करावी. आजारी माणूस, मासळीच्या पाट्या, शाळेची मुले यांना आधी उतरू द्यावे. तुमची सहल आहे, त्यांची ती रोजची वाट आहे.

सहावे, समुद्र. ओहोटीच्या ओल्या वाळूवर सायकल छान चालते, पण भरतीची वेळ गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये. हिवाळ्यात या किनाऱ्यांवर रात्री समुद्री कासवे अंडी घालायला येतात, म्हणून रात्री पुळणीवर दिवे घेऊन फिरू नये. हरिहरेश्वरला देवळामागे खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटीतच चालायची वाट आहे. भरतीला लाट मागून येते आणि खडक निसरडे असतात. तिथे लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. आमचे हिंदू शेजारी पाहुण्यांना बजावून सांगतात, आम्हीही सांगतो. आणि ती वाट श्रद्धेने चालणाऱ्यांची आहे, तिथे आरडाओरडा शोभत नाही.

सातवे, गर्दीच्या वेळा. शुक्रवारी जुम्याच्या नमाजच्या आधी आणि नंतर मशिदीपुढे, शिमग्यात पालखी फिरत असताना, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात, सायकलवरून उतरून चालत जावे. पाच मिनिटांचा फरक पडतो. रमजानमध्ये मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात मात्र पाहुण्यांना आमच्याच लोकांपासून जपायला सांगावे लागते. इफ्तारला घरी पोहोचण्यासाठी आमची तरुण पोरे मोटारसायकली अशा पिटाळतात की दिवसभराच्या सबराचा हिशेब त्या अर्ध्या तासात उलटावा. खजूर दोन मिनिटे उशिरा तोंडात गेला तर चालते, रस्त्याच्या कडेला उभे राहून पाण्याच्या घोटानेही रोजा सोडता येतो.

आठवे, अपघात झाल्यास. 108 वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. जखमीला मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती मनातून काढून टाकावी. 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही. आमच्या फुफींजवळ बसून राहिलेल्या त्या मुलाला हा कायदा माहीत होता की नाही, कोण जाणे. तो थांबला, हे आमच्या घरात कोणी विसरणार नाही.

हे सारे पाहुण्यांसाठी झाले. पण रस्त्याचे अदब फक्त जाणाऱ्यासाठी नसतात. आपल्याकडे रस्त्यात बसणाऱ्यांनाही ताकीद आहे. शक्यतो बसू नये, आणि बसायचेच तर रस्त्याचा हक्क द्यावा, म्हणजे नजर खाली ठेवावी, कुणाला त्रास देऊ नये, सलामचे उत्तर द्यावे. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा तर ईमानचाच एक भाग सांगितला आहे. आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहावे. घर बांधायला काढले की जांभ्याचे चिरे आणि वाळूचा ढीग अर्ध्या रस्त्यावर. संध्याकाळी खुर्च्या कडेला येता येता डांबरावर येतात. परगावची मुलगी सायकलवरून गेली की माना वळतात आणि मागून शब्द येतात. लग्नाच्या मंडपाचे खांब वळणावर उभे राहतात आणि त्यांना दिवा नसतो. सायकलवाल्याने फुफींना पाहायला हवे होते, हे म्हणण्याचा हक्क आम्हाला तेव्हाच, जेव्हा आमच्या ढिगावर रात्री आदळणारा कोणी नसेल. प्लास्टर उतरले त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या मुलांनी वाडीपर्यंतच्या कडेचे चिरे, फांद्या, काचा उचलल्या. कुणी भाषण केले नाही, दोन सुट्ट्यांच्या सकाळी काम झाले.

त्यानंतर आम्ही फुफींना पुन्हा बाहेर काढले. आधी उजव्या कडेने, घरातले कोणी तरी सोबत घेऊन, शेजारच्या दारापर्यंत. मग मोरीपर्यंत. आता त्या वाडीपर्यंत जातात. समोरून येणारी सायकल दिसते, त्या काठी थोडी वर करतात आणि सायकलवाले बहुधा हात वर करून उत्तर देतात. आमच्या खोल्यांत राहून गेलेले असतील तर “फुफी, सलाम” असेही ऐकू येते. मागून येणाऱ्याची धास्ती अजून पुरती गेलेली नाही. ती जाईल असे डॉक्टरही म्हणत नाहीत.

पुढचा प्रश्न मोठा आहे. सागरी मार्ग रुंद होणार, खाड्यांवर पूल होणार, जंगलजेटीची वाट पाहणे संपणार. आमच्या मुलांच्या रोजगाराला, आजाऱ्यांना मुंबईला नेण्याला त्याचा फायदा आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण खाडीवर थांबावे लागत असल्याने आजवर जो वेग आपोआप कमी होत होता, तो मग कमी होणार नाही. रस्ता रुंद होताना दोन्ही कडांना चालण्यापुरती आणि सायकलपुरती पट्टी सोडली जाईल की कडेची गटारेच रस्त्यात घेतली जातील, हे आताच विचारायला हवे. एकदा डांबर पडले की विचारून उपयोग नाही. ग्रामसभेत, नगरपरिषदेत, आमदारांच्या भेटीत आपण नळाचे आणि दिव्यांचे मागणे घेऊन जातो, त्यात ही एक ओळ वाढवावी. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावातल्या वाचकांना आमची ही विनंती आहे. आपल्या गावची शाळा, मशीद, देऊळ, बाजार आणि जेटी जिथे आहे, तिथे पायी चालणाऱ्याला किती हात जागा हवी, हे मोजून कागदावर लिहावे आणि तो कागद घेऊन जावे. आम्ही आमच्या मोहल्ल्यापुरते मोजून ठेवले आहे. दोन माणसे शेजारी चालतील आणि तिसरे कोणी मागून सलाम करून पुढे जाईल, एवढी जागा पुरते.